लाल रंगाला चौकटीत किती जागा द्यावी

अनेक आशीर्वाद.

भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या पसरून देठ खुडतात त्या जागी, तू काढलेली छायाचित्रे मिळाली. ती पाहताना प्रथम जाणवते ती लाली, आणि अडचण अशी की दुसऱ्यांदा पाहतानाही तीच जाणवते. अंगणभर पसरलेल्या मिरच्या, नाकातोंडाला दुपट्टा बांधून देठ खुडणाऱ्या बाया, कडेला पोत्यांची थप्पी, असे पुष्कळ काही तू चौकटीत घेतले आहेस. परंतु यातल्या कशावरही नजर ठरत नाही, कारण प्रत्येक ठिकाणाहून लाल रंग तिला पुन्हा आपल्याकडे ओढून घेतो. भडक रंग समोर आला की छायाचित्र जमलेच असे वाटू लागते. म्हणून एखादा रंग चौकटीवर राज्य करणार असे दिसले, तर त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे हे बटण दाबण्याआधीच ठरवावे.

माझ्या मते ही कामे दोनच आहेत. एक तर तो रंग हाच विषय असतो. मग माणसे लहान दिसली तरी चालते, पण त्या रंगाला कडा, उतार आणि छाया हवी, म्हणजे सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिरप्या उजेडात जावे, जेणेकरून मिरचीच्या ढिगाला पोट आणि पाठ दिसेल. नाही तर तो रंग केवळ पार्श्वभूमी असतो आणि विषय दुसरा कोणी असतो. मग त्या दुसऱ्याला वेगळा रंग, वेगळा उजेड किंवा स्पष्ट बाह्यरेषा मिळाली पाहिजे. तुझी बहुतेक छायाचित्रे या दोहोंच्या मध्ये अडकली आहेत. भर दुपारच्या उभ्या उन्हात ढीग सपाट झाला आहे, आणि लालसर लुगड्यातल्या बाया त्यात विरघळून गेल्या आहेत.

याला एक अपवाद आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. एका छायाचित्रात फक्त एक हात आहे, मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या, बोटांत एक मिरची, आणि बाकी सगळी चौकट लाल. बांगड्यांनी चौकटीचा विसावा भागही व्यापलेला नसेल, तरी नजर थेट तिथे जाते. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगखात्याची जबाबदारी सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ साली या परिणामाची सविस्तर मांडणी केली. काही रंगांच्या तक्रारी तपासताना दोष रंगात नसून त्याच्या शेजाऱ्यात आहे, असे त्यांच्या लक्षात आले होते. शेजारी ठेवलेले परस्परविरोधी रंग एकमेकांना अधिक तीव्र करतात; त्यामुळे लालीत बसलेला हिरवा रंग आहे त्याहून हिरवा भासतो. मात्र हे साधते ते हिरव्याचे प्रमाण अल्प असेल तोवरच. तुझ्या पुढच्याच छायाचित्रात अर्धी चौकट मिरचीने आणि अर्धी मागच्या हिरव्या जाळीने भरली आहे. तिथे दोन्ही रंग तुल्यबळ होऊन भांडत बसले आहेत. दोन पावले पुढे सरकून, कॅमेरा थोडा खाली झुकवला असतास तर ती जाळी चौकटीबाहेर गेली असती. जागा बदलणे हा आपला पहिला उपाय असावा. रंग जुळावा म्हणून बाईला दुसरे लुगडे नेसून यायला सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. किलोवर मजुरी मिळवणाऱ्या माणसाचा वेळ असा घेण्याचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही.

आता कॅमेऱ्याविषयी. तुझ्या काही छायाचित्रांत मिरच्यांच्या सुरकुत्या आणि सालीवरची चमक नाहीशी होऊन नुसता लाल रंग फासल्यासारखा दिसतो. याचे कारण असे की कॅमेरा उजेडाचा एकत्रित आलेख, म्हणजे चित्रात अंधारे आणि उजळ भाग किती हे दाखवणारा हिस्टोग्राम, काढताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला २१ टक्के आणि निळ्याला ७ टक्के वजन दिले जाते. त्यामुळे लाल वाहिनी, म्हणजे चित्रातली लाल रंगाची नोंद, काठोकाठ भरून सांडू लागली तरी एकत्रित आलेख निर्धास्त दिसतो. तिन्ही वाहिन्यांचे आलेख वेगवेगळे पाहण्याची सोय सुरू कर, लाल आलेख उजव्या कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी कर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, ठेव. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार पांढरा पांढराच दिसावा म्हणून होणारी जुळणी, आपोआप ठरू देऊ नकोस; चौकटभर लाली दिसली की कॅमेरा तिला उजेडाचा दोष समजून चित्र निळसर करू पाहतो, आणि त्यात चेहरे निस्तेज होतात. उघड्यावर असशील तर सरळ दिवसाच्या उजेडाची सेटिंग वापर. ताडपत्रीखाली मात्र उजेडच रंगून येतो, तिथे पांढरा कागद धरून मोजमाप घ्यावे. ढिगाजवळ बसलेल्या बाईच्या हनुवटीखाली जी लालसर झाक दिसते, ती मिरचीवरून परतलेल्या उजेडाची असते. ती पूर्ण पुसू नकोस. ती त्या जागेची खूण आहे.

फाल्गुन लागला आहे, तेव्हा धुऱ्यावरचे, शेताच्या बांधावरचे, पळस तुला खुणावत असतीलच. पानगळ झालेल्या फांद्यांवर नारिंगी फुले आणि मागे निळे आकाश, हे चित्र इतके सहज जमते की प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असते. निळा रंग नारिंगीचा विरोधी, आणि तोही अर्धी चौकट मागतो. त्याऐवजी उंच बांधावर उभी राहून मागे सुकलेले गवत आणि करडे रान घे. नारिंगी एकटाच बोलेल. किंवा सूर्य फुलांच्या मागे ठेव, म्हणजे उजेड पाकळ्यांतून आरपार येतो.

वेचणीच्या हंगामातल्या कापसाबद्दल एवढेच लक्षात ठेव की पांढऱ्याने भरलेली चौकट कॅमेरा करडी करतो, म्हणून तिथे एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत वाढवावे लागते. श्रावणातल्या हिरव्याची गोष्ट याहून अवघड आहे. सोयाबीन, कपाशीची पऱ्हाटी, धुऱ्यावरचे गवत, सगळेच हिरवे. वावरात उभे असताना डोळा अंतरावरून आणि हालचालीवरून त्यांना वेगळे करतो, छायाचित्रात तो आधार राहत नाही. भिंगावर लावायचा पोलरायझर फिल्टर फिरवून पानांवरची चकाकी कमी केली की निरनिराळ्या हिरव्यांमधला फरक उघड होतो. तसेच छायाचित्र कृष्णधवल करून एकदा पाहावे. लाल मिरची आणि हिरवे पान कित्येकदा एकाच करड्या छटेत मिसळतात, आणि आपली रचना केवळ रंगभेदावर उभी होती हे कळते. तशी रचना करण्यास हरकत नाही, पण ती जाणूनबुजून केलेली असावी.

बांगड्यांचे छायाचित्र छापून घे. स्टुडिओला फाईल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकात दे आणि लालची तीव्रता वाढवू नका असे बजावून सांग, कारण त्यांच्याकडे ती सवयीने वाढवली जाते. कागदावर लाल रंग पडद्याइतका कधीच उजळत नाही. म्हणून आधी लहान आकाराचा नमुना मागव, तो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात धरून पाहा, आणि मिरचीच्या सालीवरची चमक त्यात उतरली असेल तरच मोठी प्रत काढायला सांग.

कळावे.