केमिस्ट्री सोडायची गरज नाही

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला खगोलभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम करायचंय. सगळे म्हणतात, त्याला फिजिक्सच लागतं. पदवी पहिल्यापासून करावी का? – एक आई

उत्तर : ताई, मुळीच नको. दोन वर्षं वाया घालवू नका.

ताऱ्याचा प्रकाश अवकाशातल्या विरळ वायूतून येताना थोडा शोषला जातो आणि वर्णपटात, म्हणजे त्या प्रकाशाच्या रंगांच्या पट्टीत, गडद पट्टे उमटतात. 1994 मध्ये दोन खगोलशास्त्रज्ञांनी असे दोन पट्टे दाखवून म्हटलं, हा 60 कार्बन अणूंच्या फुटबॉलसारख्या रेणूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला रेणू, असावा. पक्का पुरावा मिळाला 2015 मध्ये, आणि तोही दुर्बिणीतून नव्हे! स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत हा आयन उणे 267 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून त्याचा वर्णपट मोजला, तेव्हा पट्टे जुळले. तुमच्या मुलीचा विषय इथे असा थेट कामाला येतो.

अशा प्रयोगशाळेत लेझर सांभाळणारे, इलेक्ट्रॉनिक्सवाले, प्रोग्रॅमिंग करणारे, दुर्बिणीची निरीक्षणं तपासणारे असे सगळे एकाच प्रश्नावर काम करतात. मात्र रोजचं काम कसं असतं, ते तिला आधी कळू द्या. निर्वात कक्षाचा, म्हणजे आतली हवा काढून टाकलेल्या पेटीचा, एखादा सांधा गळत असेल, तर बाहेरून हेलियमची बारीक फवारणी करत एकेक सांधा तपासायचा. आतल्या भागाला उघडा हात लावायचा नाही. बोटाच्या ठशातला तेलकटपणासुद्धा आत वायू सोडत राहतो. यात आठवडे जातात. हे करताना तिला कंटाळा न येता उत्सुकता वाटली, तर ती या क्षेत्रात रमेल.

आता काळजीचा भाग. स्वतंत्र संशोधनासाठी पीएच.डी. लागतेच. त्यानंतर बहुधा काही वर्षं मुदतीच्या नेमणुका, आणि कायम जागा थोड्या. हे मी लपवणार नाही. पण निर्वात तंत्र, स्पेक्ट्रोस्कोपी (वर्णपट मोजण्याचं तंत्र) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा हाताशी असलेल्या माणसाला सेमीकंडक्टर आणि उपकरणनिर्मितीतही काम मिळतं.

तिला आत्ता क्वांटम केमिस्ट्री आणि स्पेक्ट्रोस्कोपी नीट करू द्या, गणित सोडू देऊ नका. सुट्टीत कुठल्याही स्पेक्ट्रोस्कोपी प्रयोगशाळेत दोन महिने काम मिळतंय का, ते तिने स्वतः पत्र लिहून विचारावं. विषय ताऱ्यांचा नसला तरी चालेल, पंप आणि लेझर तेच असतात. परतल्यावर ती काय सांगते, ते मला जरूर कळवा.