कंपनीचं वकीलपत्र तू कशाला घेतोस?

अरे,

तुझा मेसेज वाचला. तू पाठवलेले ग्रुपचे स्क्रीनशॉटही वाचले, सगळे, आणि डोकं उठलं. तुमच्या चौघांत एवढी वाजलीये ती कशावरून, तर एका व्हिडिओ गेमच्या डीलक्स एडिशनवरून, जास्तीचे पैसे भरले की तीन दिवस आधी खेळायला मिळतं हे बरोबर की चूक. एक म्हणतो सगळ्या कंपन्या चोर, दुसरा म्हणतो गेम बनवायला किती खर्च येतो माहितीये का, शेवटी बिझनेस आहे तो. आणि तू मध्येच लटकलायस, कारण तुला याच लायनीत नोकरी करायचीये आणि कंपनीविरुद्ध बोललो तर उद्या तिथेच इंटरव्ह्यूला कुठल्या तोंडाने जाऊ असं तुला वाटतंय.

मला त्या दुसऱ्याचा जास्त राग आला हे आधीच सांगून टाकतो. बिझनेस आहे हे कंपनीला माहितीये ना? त्यासाठी तिच्याकडे पगारी माणसं आहेत, वकील आहेत, मार्केटिंगवाले आहेत. मग त्याला विचार, त्यांचं वकीलपत्र तू फुकटात कशाला घेतोस? तू गिऱ्हाईक आहेस. माझी आई मार्केट यार्डात आंब्याची पेटी घेते तेव्हा बागायतदाराला खताला किती खर्च आला हे विचारत नाही, ती वरचा थर उचलून खालचा बघते, वास घेते, आणि पटलं नाही तर सरळ पुढच्या गाळ्यावर जाते. त्यात तिला बागायतदाराचा द्वेष नसतो आणि आंब्याचाही नसतो.

आता तुम्ही पोरं काय करता, तर ट्रेलर बघून प्रीऑर्डर. डिजिटल कॉपी संपणारे का? दुकानात रांग लागणारे का? मग आधी पैसे देऊन तुला मिळतं काय, एक सोनेरी बंदूक आणि एक जॅकेट. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर (प्लेस्टेशन वगैरे) इतका वाईट चालत होता की सोनीने आठवड्याभरात आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला आणि लोकांना पैसे परत दिले, तो परत यायला जून २०२१ उजाडला. ज्यांनी दोन-तीन वर्षं थांबून घेतला त्यांना तोच गेम दुरुस्त होऊन, वर सेलमध्ये मिळाला. तुझा तो दुसरा मित्र लगेच नो मॅन्स स्काय या गेमचं उदाहरण देईल, की बघा २०१६ मध्ये शिव्या खाल्ल्या आणि नंतर वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले. दिले की, मान्य, कौतुक आहे. मग अपडेट आल्यावर घे ना बाबा! आधी पैसे देऊन त्यांच्या सुधारण्याची वाट बघत बसायचं हे गिऱ्हाइकाचं काम आहे का?

आणि ओरडून काही होत नाही असं जे तू लिहिलंयस ते अर्धंच खरं आहे. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेमवाल्यांनी गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक पोट धरून हसले आणि हसत हसत घेतलंही, आणि गेममधल्या वस्तू वेगळ्या विकण्याचं पुढचं सगळं तिथूनच वाढत गेलं. त्याउलट ईए कंपनीचं २०१७ चं बॅटलफ्रंट टू बघ. पूर्ण किमतीचा गेम, तरी डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला तासन् तास घासायचं, वर लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर अशा पेट्या, पैशाने विकायला ठेवलेले. ईएने रेडिट या चर्चेच्या साइटवर खुलासा केला की खेळाडूंना काहीतरी कमावल्याचा अभिमान वाटावा म्हणून असं ठेवलंय. त्या एका कमेंटला सहा लाखांवर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले आणि लाँचच्या आदल्या दिवशी गेममधली पैशाची खरेदी बंद करावी लागली. २०१८ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने असे लूट बॉक्स जुगारात मोडतात असं म्हटलं आणि २०१९ मध्ये ईएने तिथे आपल्या फिफा गेममध्ये असल्या पेट्या घ्यायचे फिफा पॉइंट्स विकणं थांबवलं. लोकांनी खिसा आवळला, सरकारने दम दिला, तेव्हा हललं. तुमच्या ग्रुपवरच्या भांडणाने कोणाचाच खिसा हलत नाही, नुसती मैत्री जाते.

मला सगळे खडूस म्हणतात. भाचा तर तोंडावर म्हणतो. मी प्रीऑर्डर करत नाही, लूट बॉक्सला हात लावत नाही, आणि घरात एक अख्खं कपाट डिस्कने भरलंय ज्याच्याकडे बघून बायको दर दिवाळीच्या साफसफाईत सुस्कारा सोडते. हो, आजकाल डिस्कवर पण गेम पूर्ण नसतो, मोठाला पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, नेटवरून उतरवावाच लागतो, माहितीये मला, तरी ठेवतो. द क्रूचं काय झालं बघितलंस ना? २०१४ चा गेम, एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागायचा, ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केले आणि नंतर लोकांच्या लायब्ररीतून लायसन्सच काढून घेतलं. पैसे दिलेली माणसं बघत राहिली. त्यातनंच रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. आता स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्येही लिहिलेलं असतं की तुम्ही लायसन्स विकत घेताय, आणि तेसुद्धा कॅलिफोर्नियाने कायदा केला तेव्हा. मग मी डिस्क साठवल्या तर मी वेडा?

एक गोष्ट मात्र लागते मनाला. २०२४ च्या सुरुवातीला आमची सगळी गँग रोज रात्री सोनीचा हेलडायव्हर्स टू हा गेम खेळायची. सिंहगड रोडवरचा एक, औंधातला एक, एक तर जर्मनीहून सामील व्हायचा. मी म्हटलं थांबू, बघू काय काय विकतात. मेमध्ये सोनीने पीसीवाल्यांना पीएसएन (प्लेस्टेशनचं नेटवर्क) अकाउंट जोडण्याची सक्ती केली, दोन लाखांवर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, तीन दिवसांत सोनीने माघार घेतली. बघा म्हटलं, बरोबर होतो ना मी. मग घेतला. तोवर गँग पांगली होती, कोणाला मूल झालं, कोणाची शिफ्ट बदलली. अनोळखी लोकांबरोबर खेळलो थोडा. त्या रात्री मला परत मिळणार नाहीत आणि तरीही मी पुढच्या वेळी थांबणारच आहे, तू काय समजायचं ते समज.

आता नोकरीचं. मी इथल्या एका स्टुडिओत टेस्टिंगला होतो हे तुला माहितीये. एक बग (गेममधली चूक) होता, ऑटोसेव्हचं चिन्ह फिरत असताना कंट्रोलर बंद पडला की सेव्ह फाइल करप्ट. दर वेळी व्हायचं नाही, अधूनमधून, म्हणून पकडायला त्रास. आमच्यातल्या एका पोरीने चिकाटीने स्टेप्स काढल्या, व्हिडिओ जोडला, आणि तो बग 'नोन शिपेबल' शिक्का मारून बंद झाला. म्हणजे माहितीये, पण असाच जाऊ दे. कारण तारीख ठरलेली होती आणि ती आमच्या मजल्यावर ठरत नव्हती. गेम आल्यावर लोकांनी लिहिलं, टेस्टर झोपले होते का. ती पोरगी डबा खाता खाता ते वाचत होती.

म्हणून सांगतो, तुझ्या पहिल्या मित्रालाही हे वाचून दाखव. माल परत कर, रिव्ह्यू लिही, सही कर, पण 'आळशी डेव्हलपर' म्हणून ज्याने बगची तक्रार आधीच नोंदवलीये त्याच्याच अंगावर जाऊ नकोस. आणि आतली माणसं लूट बॉक्सला कँटीनमध्ये जेवढ्या शिव्या घालतात तेवढ्या तुमच्या ग्रुपवरही पडत नसतील, तेव्हा इंटरव्ह्यूची भीती सोड. पगार घेशील तेव्हा काम चोख कर. घरी आल्यावर परत गिऱ्हाईक.

अजून एक, तुझ्या तिसऱ्या मित्राचं ते 'भारतीय गेम आहे, पाच स्टार द्या' बंद करायला सांग. 'राजी' आपल्या पुण्यात बनली. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले नाहीत तरी त्या लोकांनी सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम आणला. मी पूर्ण पैसे देऊन घेतली, खेळलो, मंदिरं आणि रंग आवडले, मारामारी रटाळ वाटली, आणि रिव्ह्यूत दोन्ही लिहिलं. दया म्हणून दिलेल्या स्टारचा त्यांना काय उपयोग?

तुझ्या त्या डीलक्सचं म्हणशील तर स्टीमवर घेतलायस, १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर रिफंड मिळतो, आजच टाक. ग्रुप म्यूट कर. आणि सीव्ही मला पाठवायच्या आधी त्यातली 'पॅशनेट गेमर' ओळ काढ, त्याऐवजी कुठल्याही एका गेमचा नीट लिहिलेला बग रिपोर्ट जोड, स्टेप्ससकट. पीडीएफ पाठव, वर्डची फाइल माझ्या फोनवर उघडत नाही.