चमचा आडवा करून बघा

प्रश्न : मावशी, माझी मुलगी येत्या पंचमीला सहा महिन्यांची होईल. पहिलंच लेकरू आहे. घरात उष्टावणाची तयारी चालू आहे, मामा चांदीची वाटी घेऊन येणार आहेत. सासूबाई म्हणतात, महिनाभर नुसतं वरणाचं नाहीतर भाताचं पाणी द्यायचं, लेकराचं आतडं कवळं असतं. जाऊबाई म्हणतात, डब्यातली पावडर आणा. नेमकं काय देऊ आणि किती देऊ?
— एक आई, औसा तालुका

उत्तर : आधी उष्टावणाचं. ते थाटात होऊ दे. मामाच्या मांडीवर बसवा, सोन्याच्या अंगठीनं खिरीचा थेंब ओठाला लावा, काही बिघडत नाही. फक्त आलेला प्रत्येक पाहुणा आपलं बोट लेकराच्या तोंडात घालणार नाही एवढं बघ. खरं जेवण दुसऱ्या दिवशी सुरू कर, घर रिकामं झाल्यावर. 180 दिवस पुरे झालेले असावेत, मान धरलेली असावी, आधारानं बसता यावं. तू जेवताना ती तुझ्या ताटाकडे टकमक बघत असेल तर समज, वेळ झाली.

आता पाण्याचं. यावरून सासूबाईंशी वाद घालू नकोस, कारण मीसुद्धा तेच केलं होतं, आणि मी तर अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. 1987 ची गोष्ट. जिंतूर तालुक्यात माझ्याकडे वीस-बावीस गावं. दिवसभर झोळीच्या काट्याला लोकांची लेकरं टांगायची, तक्त्यावर ठिपके जोडायचे आणि रेघ आडवी झाली की आईला चार शब्द सुनवायचे. घरी माझी आई माझ्या लेकीला रोज वाटीभर वरणाचं पाणी पाजायची. संध्याकाळी वाटी रिकामी दिसली की मला बरं वाटायचं. लेक आठ महिन्यांची असताना एकदा तिला सोबत घेऊन गेले, तर मदतनीसबाई म्हणाली, "मॅडम, तुमचीबी टांगा की." टांगली. साडेसहा किलो. सहाव्या महिन्यात सहा किलो चारशे होती. या वयात महिन्याला तीन-चारशे ग्रॅम वाढायला हवेत, माझी दोन महिन्यांत शंभर वाढली होती. तक्त्यावर ठिपका मीच दिला. रेघ आडवी. मदतनीसबाई एक शब्द बोलली नाही, नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला.

लेकराचं पोट केवढं असतं ते बघ. किलोमागे साधारण 30 मिली. सात किलोच्या लेकराच्या पोटात दोनशे-सव्वादोनशे मिलीच मावतं, म्हणजे एक वाटी. ती वाटी पाण्यानं भरली की लेकरू गप्प झोपतं आणि आपल्याला वाटतं जेवलं. डाळ मात्र पातेल्याच्या बुडाशी राहिलेली असते, ती आपण मोठी माणसं खातो. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण 200 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. पाण्यातून त्या कुठून येणार? म्हणून वरण घोटून दे, पाणी गाळून नको. झालं की चमचा भर आणि आडवा कर. धार लागली तर ते लेकराचं जेवण नव्हे. चमच्याला धरून राहिलं, मग हळूच ओघळलं, की बरोबर.

आपल्याकडे जवारी घरचीच असते, तिचंच कर. दोन वाट्या जवारी आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायची आणि बारीक दळून आणायची. गिरणीत आपल्या आधी मिरची दळलेली नाही ना, हे विचारायचं. माझं एक दळण असंच वाया गेलं आहे. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून चांगलं शिजव, वरून चहाचा चमचाभर तूप. त्या एका चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात, तेव्हा तुपाला हात आखडू नकोस. ती वर्षाची होईपर्यंत मीठ आणि साखर नको. गूळसुद्धा नको.

घट्ट केलं की खळ होते आणि लेकरू गिळत नाही, ही तक्रार तू पुढच्या पत्रात करशीलच, म्हणून आत्ताच सांगते. मूठभर गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायचे. मोड चोळून पाखडून टाकायचे. तव्यावर नुसते गरम करायचे, लाल होऊ द्यायचे नाहीत, आणि दळायचे. शिजलेली घट्ट पेज खाली उतरवून जरा निवू दे आणि त्यात या पिठाचा अर्धा चमचा टाकून ढवळ. दोन-तीन मिनिटांत ती तुझ्या डोळ्यांदेखत सैल होते, पाण्याचा थेंब न घालता. मोड येताना गव्हात जे पाचक तयार होतं ते पिठूळपणा मोडतं. गहू फार भाजला तर ते मरतं, आणि पेज उकळती असतानाच टाकलं तरी मरतं. सैल झाली की पुन्हा एक उकळी काढ. बैठकीत मी हे करून दाखवायची तेव्हा म्हाताऱ्या बाया पातेल्यात डोकावून बघायच्या, मी गुपचूप पाणी ओतलं की काय म्हणून.

पहिल्या दिवशी दोन-तीन छोटे चमचे, एकदाच. मग वाढवत जा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नववा लागला की तीन-चारदा. अंगावरचं दूध दोन वर्षांची होईपर्यंत चालू ठेव. नवीन जिन्नस एका वेळी एकच, दोन-तीन दिवस. घोटलेली भाजी, कुस्करलेलं केळं, पूर्ण उकडलेलं अंडं, सगळं चालतं. शेंगदाण्याचं बारीक कूट पेजेत शिजवून थोडं थोडं दे. अख्खा दाणा आणि फुटाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हाताला लागू देऊ नकोस. सुरुवातीला जिभेनं बाहेर ढकलेल, तोंड वेडंवाकडं करेल. त्याला नको म्हणणं समजू नकोस, आठ-दहा वेळा देऊन बघावं लागतं. उबळ आली, खोकली, लाल झाली तर घाबरू नकोस, ती स्वतः घास बाहेर काढते आहे. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडायला लागले तर क्षण घालवायचा नाही: हातावर पालथी घ्यायची, डोकं खाली, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा, नाहीच निघालं तर उताणी करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाचदा दाबायचं. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करायचं आणि कुणाला तरी दवाखान्याच्या गाडीसाठी 108 ला फोन करायला सांगायचं. हे घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेव.

लोहाचं विसरू नकोस. जन्मताना आणलेली शिदोरी सहा महिन्यांत संपत येते आणि दुधात लोह फार थोडं. आशाताईकडे ॲनिमियामुक्त भारत या सरकारी योजनेतलं लोहाचं पातळ औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली. शी काळी होईल, होऊ दे. डब्यातल्या पावडरीचं विचारलंस, तर त्या पैशांत अंडी आण.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा आहे. मी रोज सहाणेवर गुटी उगाळून मधातून देते. सून म्हणते बंद करा. माझी चार लेकरं याच गुटीवर वाढली.
— एक आजी, वसमत

उत्तर : आजी, तुमची चारही लेकरं धडधाकट आहेत हे तुमच्या हाताचं श्रेय, मधाचं नव्हे. मध वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती पचतात, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात, लेकरू लुळं पडतं. वेखंड, जायफळ यांचे किती वेढे उतरले ते कुणी मोजत नाही, आणि सहाण कशानं धुतली तेही विचारत नाही. सहाण राहू द्या. तिच्यावर धुतलेली खारीक उगाळून पेजेत घाला. सुनेला सांगा, मावशीनं परवानगी दिली.

प्रश्न : बहीण आणि दाजी दिवाळीनंतर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. भाचा तेव्हा साडेसहा महिन्यांचा असेल. पहाटे चारला फडात जायचं, लेकरू उसाच्या कडेला झोळीत. स्वयंपाक एकदाच होतो. अशात त्याला काय द्यायचं?
— कॉलेजात शिकणारा मामा, वडवणी तालुका

उत्तर : बाबा, बरं झालं तू विचारलंस. पहाटे शिजवलेली पेज दुपारपर्यंत डब्यात ठेवू नका, जुलाब तिथूनच सुरू होतात. वर सांगितलेलं जवारी-मुगाचं पीठ जाताना चार किलो न्या, पण दुप्पट भाजून, पार शिजल्यासारखं. सोबत एक चांगला थर्मास. मुकादमाकडून आगाऊ मिळणाऱ्या उचलीतून तेवढं एक घ्यायला लाव. पहाटे पाणी खळखळून उकळून त्यात भरायचं. फडात हात साबणानं धुवायचे, वाटीत पीठ, वर थर्मासचं पाणी, चमच्यानं घोटायचं, आणि तेल किंवा तूप. निवलं की भरवायचं. उरलेलं टाकून द्यायचं. केळं आणि उकडलेलं अंडं सालासकट नेता येतं, दोन्हींना झाकण निसर्गानंच दिलंय. संध्याकाळी कोपीवर, राहत्या झोपडीत आल्यावर ताजं वरण घोटून द्यायचं.

जुलाब लागलेच तर दूध आणि जेवण बंद करू नका. ओआरएस, आणि झिंकची गोळी 20 मिलीग्रॅम, चौदा दिवस पुरी. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले तर मुकादमाची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असू दे. कारखान्याच्या गावातल्या अंगणवाडीतही नाव नोंदवता येतं. तिथं कुणी "तुमच्या गावाला जा" म्हणालं तर कार्ड पुढं करायचं आणि हलायचं नाही.

आणि रडतोय म्हणून त्याच्या हातात उसाचं कांडं देऊ नका, चोथा घशात बसतो. झोळीजवळ मोठी पोर राखणीला असेल तर भरवण्याचं काम तिच्यावर सोडू नका. निघायच्या आधी वजन करून मला लिहून पाठव. महिन्याला एकदा वजन फोनवर विचारून घे आणि कळव, तक्ता मी इथं काढते.