वाचकांचे प्रश्न : ईमेल प्रोग्रामची अ‍ॅड-ऑन्स बिघडतात तेव्हा

प्रश्न : माझ्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये बारा अ‍ॅड-ऑन्स (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) आहेत. हल्ली मेल निवडला की तो वाचायचा भाग कोराच राहतो. दोष कुणाचा ते कळत नाही. सगळी काढून नव्याने घालू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काढू मात्र नका. अ‍ॅड-ऑन डिसेबल केलं तर त्याची सेटिंग्ज जागेवर राहतात. रिमूव्ह केलं की त्याने स्वतःच्या साठ्यात ठेवलेली टेम्प्लेट्स, सह्या, नियम असं सगळं पुसलं जातं आणि पुन्हा इन्स्टॉल करून परत येत नाही. काढायचंच झालं तर त्या अ‍ॅड-ऑनच्या पर्यायांत एक्सपोर्टची सोय आहे का ते आधी बघा.

पहिली पायरी म्हणजे दोष खरंच अ‍ॅड-ऑनचा आहे का, हे ठरवणं. तीन आडव्या रेघांच्या मेनूत हेल्प, तिथे ट्रबलशूट मोड. विंडोजवर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू केलं तरी तेच होतं. समोर येणाऱ्या खिडकीत काही चौकटी असतात, त्यांतल्या एकीतही खूण करू नका. तिथे केलेले बदल कायमचे होतात. नुसतं 'कंटिन्यू' दाबा. आता मेल नीट दिसला तर संशय अ‍ॅड-ऑन्सवर जातो. पण फक्त त्यांच्यावर नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. या मोडमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (पडद्यावर चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डकडे देणं) आणि कुणी हाताने घातलेली, खिडकीचं रूप बदलणारी यूजरक्रोम स्टाइलची फाइलही बंद असते. म्हणून नेहमीच्या पद्धतीने थंडरबर्ड उघडून सगळी अ‍ॅड-ऑन्स डिसेबल करून बघा. तरीही भाग कोरा राहिला तर सेटिंग्जच्या जनरल विभागातली 'यूज हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' ही खूण काढा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा हा नेहमीचा त्रास आहे.

अ‍ॅड-ऑन्स बंद केल्यावर दोष गेला, तर एकेक चालू करत बसू नका. सहा चालू करा, सहा बंद ठेवा, थंडरबर्ड बंद करून उघडा. दोष दिसला तर गुन्हेगार चालू असलेल्या सहांत आहे, नाहीतर उरलेल्या सहांत. मग तीन, मग एक-दोन. बारांसाठी चार फेऱ्या पुरतात. दर वेळी प्रोग्राम पुन्हा सुरू करायला विसरू नका, कारण काही अ‍ॅड-ऑन्स डिसेबल केल्यावरही खिडकीत केलेले फेरफार मागे ठेवतात. दोन्ही अर्धे गट वेगवेगळे चालवल्यावर ठीक आणि एकत्र आले की बिघाड, असं झालं तर दोन अ‍ॅड-ऑन्स एकमेकांच्या आड येताहेत असं समजा. अशा वेळी एक गट पूर्ण चालू ठेवून दुसऱ्यातलं एकेक जोडत जा.

पुरावाच हवा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि जे दाबून एरर कन्सोल (चुकांची नोंद दाखवणारी खिडकी) उघडा, तो रिकामा करा आणि मग मेल निवडा. लाल ओळीत 'मोझ-एक्स्टेन्शन'पुढे लांबलचक क्रमांक दिसला तर तो टिपून घ्या. टूल्स, डेव्हलपर टूल्स, डीबग अ‍ॅड-ऑन्स या पानावर प्रत्येक अ‍ॅड-ऑनचा इंटर्नल यूयूआयडी, म्हणजे असाच लांबलचक क्रमांक, छापलेला असतो. तिथे तो जुळवला की नाव सापडतं.

प्रश्न : थंडरबर्ड अपडेट झालं आणि टेम्प्लेट घालणारं अ‍ॅड-ऑन 'इनकम्पॅटिबल' म्हणून करडं पडलं. त्याची जुनी आवृत्ती घातली तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या बाबतीत चालणार नाही. थंडरबर्डची 78 ही आवृत्ती 2020 मध्ये आली तेव्हापासून फक्त मेलएक्स्टेन्शन नावाच्या नव्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन्स चालतात. त्यांतली काही निव्वळ ठरलेल्या मार्गाने काम करतात आणि सहसा मोडत नाहीत. काहींमध्ये मात्र 'एक्स्पेरिमेंट' नावाचा भाग असतो, जो थेट थंडरबर्डच्या आतल्या कोडला हात घालतो. आतलं कोड बदललं की तो कोसळतो, म्हणून अशा अ‍ॅड-ऑनवर कमाल आवृत्तीची मर्यादा घातलेली असते. 2023 मध्ये 115 आवृत्तीत मुख्य खिडकीची रचना बदलली, तेव्हा अशी बरीच अ‍ॅड-ऑन्स अडली होती. इन्स्टॉल करताना 'तुमच्या थंडरबर्डवर व संगणकावर अनिर्बंध ताबा' अशा अर्थाची परवानगी मागितली, तर ते एक्स्पेरिमेंटवालं आहे असं ओळखा.

जुनी आवृत्ती उपयोगी पडते ती उलट्या परिस्थितीत, म्हणजे थंडरबर्ड तेच आहे आणि अ‍ॅड-ऑनचं नवं अपडेट बिघडलंय तेव्हा. अ‍ॅड-ऑनच्या पानावरच्या आवृत्त्यांच्या यादीतून एक्सपीआय फाइल (अ‍ॅड-ऑन ज्यात भरलेलं असतं ती) उतरवा. फायरफॉक्स वापरत असाल तर उजवी क्लिक करून 'सेव्ह लिंक'च निवडा, नाहीतर तो ब्राउझर ती स्वतःतच घालायला बघतो. मग अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर दातेरी चक्राच्या मेनूतून फाइलवरून इन्स्टॉल करा आणि त्या एका अ‍ॅड-ऑनचं आपोआप अपडेट बंद ठेवा.

तुम्हाला विकासकाच्या नव्या आवृत्तीची वाट बघावी लागेल. रोजचं काम अशा अ‍ॅड-ऑनवर अवलंबून असेल तर वर्षातून एकदाच मोठा बदल होणारी ईएसआर आवृत्ती वापरणं शहाणपणाचं. 2025 पासून संकेतस्थळावर आपसूक मिळते ती दरमहा बदलणारी आवृत्ती. पण तिच्यावरून ईएसआरवर उतरताना तेच प्रोफाइल (तुमचे मेल आणि सेटिंग्ज यांचा साठा) वापरता येत नाही, थंडरबर्ड अडवतं. म्हणून मोठ्या अपडेटआधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डरची पूर्ण प्रत काढून ठेवा. तो फोल्डर हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून सापडतो.

प्रश्न : ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीचं, आउटलुक आहे. अकाउंटिंगचं अ‍ॅड-इन (आउटलुकमधलं अ‍ॅड-ऑन) दर काही दिवसांनी आपोआप बंद होतं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : आउटलुक प्रत्येक अ‍ॅड-इनला सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजतं. सलग पाच वेळांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) 1000 मिलिसेकंदांच्या वर गेला की ते बंद करतं. नेमका आकडा बघायला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन, आणि तिथे आउटलुकची 45 क्रमांकाची नोंद उघडा. प्रत्येक अ‍ॅड-इनचा बूट टाइम तिथे लिहिलेला असतो. निकाल देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या : डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेवर बनलेली अनेक अ‍ॅड-इन्स असतील तर डॉट नेट सुरू होण्याचा वेळ त्यांतल्या पहिल्याच्या नावावर चढतो. तेव्हा न लागणारी अ‍ॅड-इन्स आधी बंद करा आणि मग पुन्हा मोजा. तरीही बंद पडत असेल तर फाइल मेनूतल्या 'स्लो अँड डिसेबल्ड कॉम अ‍ॅड-इन्स'मध्ये जाऊन ते कायम चालू ठेवण्याचा पर्याय निवडा. नव्या आउटलुकमध्ये अशी कॉम प्रकारची अ‍ॅड-इन्स मुळीच चालत नाहीत, म्हणून वरच्या कोपऱ्यातला 'न्यू आउटलुक'चा खटका चुकून दाबू देऊ नका.

प्रश्न : थंडरबर्डच्या ट्रबलशूट मोडमध्येही इनबॉक्सची यादी चुकीचीच दिसते. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मग अ‍ॅड-ऑन्सना सोडा. इनबॉक्सवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. यादीची सूची नव्याने बनते. पॉप खातं (मेल संगणकावर उतरवून घेणारं) असेल तर त्याआधी प्रोफाइलची प्रत काढा आणि अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली वेगळ्या ठेवायच्या जागेत) डोकावून बघा. नेहमीच्या मांडणीत अख्खा इनबॉक्स एकाच फाइलमध्ये असतो आणि एका संशयास्पद मेलपायी अँटिव्हायरस ती पूर्ण फाइलच उचलून नेऊ शकतो. फाइल तिथे सापडली तर थंडरबर्ड बंद ठेवून ती परत जागेवर आणा, प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळा आणि मगच रिपेअर करा.