आधी बोअरचं पाणी बाजूला ठेव

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. लातूरात बसून नॅनोचं काम कसं करू, एसटीएम (अणू दाखवणारा मायक्रोस्कोप) नाही, हवा काढून टाकलेला व्हॅक्यूम चेंबर नाही, म्हणून किती हिरमुसलीस गं. ॲल्युमिनियम घे. ९९.९९ टक्के शुद्ध पत्रा मागव, स्वयंपाकघरातली फॉइल नको. ०.३ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, भोवती बर्फ, ४० व्होल्ट, आणि पत्र्यावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या थरात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं आपोआप पडायला लागतात, दोन छिद्रांमधलं अंतर साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. कुणी कोरत नाही बघ, छिद्राच्या तळाशी ऑक्साइड विरघळतंय, खाली धातूच्या बाजूनं नवं बनतंय, आणि या ओढाताणीत प्रत्येक छिद्र आपली जागा धरतं. व्होल्टेज बदललं की अंतर बदलतं, व्होल्टमागं अडीच नॅनोमीटर धरून चाल.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, म्हणलं बोअरचं घालू, काय होतंय. आपल्याकडचं बोअर म्हणजे पातेल्याला पांढरा थर धरणारं पाणी. त्यातल्या क्लोराइडनं पत्र्याला खड्डे पाडले, टाचणीनं टोचल्यासारखे, नुसत्या डोळ्यांना दिसायचे, आणि तीन दिवस मी पॉवर सप्लायच उघडून बघायलो होतो.

पहिल्या वेळी वरची छिद्रं वेडीवाकडीच येणार, त्यावरून खचू नकोस. तासन्‌तास चालू ठेवलं की तळाशी ती ओळीत येतात, जपानच्या मासुदा-फुकुदा या संशोधकांनी १९९५ ला हेच दाखवलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी, १९९६ ला, आलेली युक्ती, तो सगळा थर काढून टाकायचा, खाली धातूवर वाटीसारखे खळगे उरतात, त्याच पत्र्यावर परत ४० व्होल्ट लावले की नवी छिद्रं त्याच खळग्यांतून सुरू होतात, सुरुवातीपासून ओळीत. थर काढायला फॉस्फोरिक आणि क्रोमिक ॲसिड ६० अंशांना लागतं. क्रोमिक कॅन्सरचं कारण आहे, ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नाही, बेसिनमध्ये तर एक थेंब नाही, सरांना सांगून वेगळ्या बाटलीत साठव.

छिद्रं बघायला एसईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, त्यासाठी सॅम्पल संभाजीनगरला नाहीतर पुण्याला न्यावं लागेल, नंबर लागेपर्यंत महिना जातो. तोवर वेळेप्रमाणे करंट कसा बदलतो त्याचा ग्राफ काढ. सुरू केल्याबरोबर करंट धाडकन पडतो, म्हणजे सलग ऑक्साइड बसलं. मग थोडा वर चढतो, तिथं छिद्रं उघडायलीत. मग सपाट रेघ. ही रेघ नाचायला लागली तर एसईएमचे पैसे घालवू नको, आधी पाणी तपास. आणि लाईटचा भरवसा नाही म्हणून सप्लाय इन्व्हर्टरवर घे.

पहिला ग्राफ झाला की फोटो पाठव, कुठलं पाणी वापरलंस ते कोपऱ्यात लिही.