अब्राहम लेकच्या बर्फातले बुडबुडे: वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की कॅनडातल्या वाचकांचे प्रश्न एकाच तळ्याभोवती फिरायला लागतात, अल्बर्टातलं अब्राहम लेक. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी उत्तरं एकत्रच देतेय. शेवटी नाशिकहून आलेला एक प्रश्नही घेतलाय, कारण तो तिकडच्या बऱ्याच जणांच्या मनात असणार.

प्रश्न: ताई, आम्ही पुण्याहून कॅलगरीला शिफ्ट झालोय, हा पहिलाच हिवाळा. इन्स्टावर अब्राहम लेकचे फोटो बघितले, बर्फात खालपर्यंत पांढऱ्या गोल गोल चकत्या दिसतात. खरंच असं दिसतं की एडिट केलेलं असतं? आणि जायचं तर कधी?

खरंच दिसतं. रंग थोडे वाढवलेले असतात फोटोत, पण चकत्या खऱ्याच. त्या कशा होतात ते समजून गेलात ना तर तिथे उभं राहून बघायला दुप्पट मजा येईल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हे तळं नैसर्गिक नाहीच. नॉर्थ सस्कॅचवान नदीवर बिगहॉर्न धरण बांधलं, 1972 मध्ये पाणी अडलं आणि 32 किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. म्हणजे आपल्या कोयनेचा शिवसागर कसा, तसंच. तळं माणसाने केलेलं आणि त्यातला बर्फ निसर्गाने. पाण्याखाली दरीतली झाडंझुडपं, माती, पालापाचोळा गेला. तळाशी ऑक्सिजन नसलेल्या चिखलात सूक्ष्मजीव हे सगळं कुजवतात आणि त्यातून मिथेन वायू निघतो. मिथेन जवळजवळ सगळ्याच तळ्यांमध्ये तयार होतो, उन्हाळ्यात तो वर येऊन हवेत निघून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. हिवाळ्यात मात्र वर बर्फाचं झाकण असतं. बुडबुडा वर येतो, बर्फाला खालून टेकतो आणि पसरतो, म्हणून त्याची चकती होते. बर्फ वाढतो तो खालच्या बाजूने, त्यामुळे एक-दोन रात्रींत ती चकती बर्फात बंद होते. तोवर त्याच जागेवरून पुढचा बुडबुडा आलेला असतो, तो तिच्याखाली अडकतो. असं होत होत भाकऱ्यांची चळत लावावी तशा एकाखाली एक चकत्या लागतात. लोक त्याला ‘फ्रोझन मिथेन’ म्हणतात पण मिथेन काही गोठलेला नसतो, तो गोठायला उणे 182 अंश लागतात, तेवढी थंडी अल्बर्टात पण नाही! तो वायूच असतो, बर्फात कोंडलेला.

आता असे बुडबुडे इतर तळ्यांतही असतात, मग लोक इथेच का येतात? वाऱ्यामुळे. रॉकीजमधून या दरीत वारा असा घुसतो की बर्फावर पडलेला स्नो टिकतच नाही, उडून जातो, आणि खालचा काचेसारखा स्वच्छ बर्फ उघडा पडतो. शेजारच्या कितीतरी तळ्यांत हेच सगळं असेल पण वर दीड फूट स्नो, दिसणार काय? त्यामुळे तिथला वारा नकोसा वाटला तरी फोटोतलं सगळं त्याच्याच जिवावर आहे हे लक्षात ठेवा.

कधी जायचं, तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. डिसेंबरात बर्फ भरवशाचा नसतो, आणि मार्चकडे ऊन वाढलं की वरचा थर पांढुरका होतो आणि आतलं दिसेनासं होतं. ताजा स्नो पडला असेल तर एक-दोन दिवस थांबा, वाऱ्याला त्याचं काम करू द्या.

कॅलगरीहून लेक लुईजपर्यंत जाऊन मग आइसफील्ड्स पार्कवेने सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंग आणि तिथून हायवे 11, साधारण तीन ते साडेतीन तास, रस्ता चांगला असेल तर. या रस्त्यावर हिवाळ्यात योग्य टायर असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. क्रॉसिंगचा पेट्रोल पंप हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे टाकी लेक लुईजलाच फुल करा, पुढचा पंप एकदम नॉर्डेग गावात. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, मॅप ऑफलाइन करून ठेवा आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते घरी कुणाला तरी सांगून निघा.

प्रश्न: मी एडमंटनला असतो. ग्रुपमध्ये एकजण म्हणतो 15 सेंटिमीटर बर्फ असला की चालायला सेफ, अब्राहमवर तर त्याच्यापेक्षा कितीतरी जाड असतो, मग घाबरायचं कारणच नाही. दुसरा म्हणतो तिथे अजिबात उतरू नका. कोणाचं बरोबर?

तुमच्या पहिल्या मित्राचा आकडा चूक नाहीये. कॅनेडियन रेड क्रॉस एकट्याने चालायला 15 आणि ग्रुपला 20 सेंटिमीटर सांगतं. पण तो आकडा स्वच्छ, निळसर, खाली पाण्याचा आधार असलेल्या बर्फासाठी आहे. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्म्यानेच मजबूत धरायचा. आणि ‘खाली पाण्याचा आधार’ हे जे मी म्हटलं ना, अब्राहमवर सगळी गोम तिथेच आहे.

हे धरण वीज करतं. हिवाळ्यात विजेची मागणी जास्त आणि नदीतून येणारं पाणी कमी, त्यामुळे जलाशयाची पातळी पूर्ण हिवाळाभर खाली खाली जात राहते. आपल्याकडे उन्हाळ्यात उजनी आटायला लागली की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं इथे पाणी उतरतं ते भर हिवाळ्यात, वर बर्फ असताना. मग बर्फाचं काय होतं? मधला बर्फ पाण्याबरोबर खाली बसतो. काठाचा मात्र जमिनीला धरून असतो, तो कलतो, तुटतो, त्याच्या मोठमोठ्या लाद्या उताराला टेकून तिरक्या पडतात. काही ठिकाणी खाली पाणीच राहत नाही, नुसती पोकळी. वरून बघाल तर छान जाड बर्फ, आणि खाली अधांतरी. म्हणून फक्त जाडी मोजून इथे भागत नाही. गंमत अशी की ज्या निळ्या भेगा, उभ्या लाद्या, बर्फाचे डोंगर लोक बघायला येतात ते सुद्धा ह्याच पाणी उतरण्याने झालेले असतात. म्हणजे सौंदर्य आणि धोका दोन्ही एकाच कारणातून आलंय, ते वेगळं काढताच येत नाही.

माझं मत विचाराल तर जा, पण रिकामी दिसणारी जागा बघून एकटे पुढे जाऊ नका. पहिल्यांदा जात असाल तर सरळ गाइडेड टूर घ्या, ते लोक रोज बर्फ बघतात, ड्रिलने भोक पाडून तपासतात. क्लाइन नदी जिथे येऊन मिळते त्या मुखाच्या जवळपास जाऊच नका, वाहत्या पाण्यावरचा बर्फ पातळ असतो. काठावरची पोकळ वाटणारी लादी टाळा. गाडी बर्फावर नेऊ नका, कुणी नेलेली दिसली तरी.

आवाजाचं पण सांगते, नवीन माणूस त्याने फार घाबरतो. बर्फातून धडाम्म असा आवाज येतो, कधी लांबून सिनेमातल्या लेझर बंदुकीसारखा ‘प्यूँ’ असा. तापमान बदललं की एवढा मोठा पत्रा आकुंचन-प्रसरण पावतो, त्याला तडे जातात, आणि आवाजातल्या उंच पट्टीच्या लहरी बर्फातून जास्त वेगाने येतात म्हणून तो ‘प्यूँ’. जाड बर्फातही हे चालूच असतं, लगेच पळायचं कारण नाही. पायाखाली बर्फ लवताना दिसला किंवा भेगेतून पाणी वर येताना दिसलं तर मात्र आल्या पावली मागे.

आणि कुणी पाण्यात पडलंच तर 1-10-1 लक्षात ठेवा, मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे लोकांपर्यंत पोचवलंय. पहिलं 1 मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, धाप लागते ती ओसरते. मग साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळून, पाय मारत, पोटावर सरकत बाहेर यायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. थंडीने शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. म्हणजे वेळ असतो, तो घाबरण्यात घालवायचा नाही.

प्रश्न: सांगलीहून सासूसासरे आलेत, वय 66 आणि 71. त्यांना नेऊ का? की त्यांनी गाडीतूनच बघायचं?

न्या की! एवढ्या लांब आलेत. फक्त वाऱ्याचा अंदाज बघून दिवस निवडा, उणे 8 आणि शांत हवा असा दिवस त्यांना झेपेल, उणे 20 आणि वारा अजिबात नाही. प्रीचर्स पॉइंटला गाडी लावून थोडं चालून तळ्याशी जाता येतं. बुटांना लावायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, दोघांनाही हवेतच, स्नोबूटाचा रबरी सोल त्या बर्फावर काही कामाचा नाही. या वयात घसरून खुब्याचं हाड मोडणं हा पाण्यात पडण्यापेक्षा जास्त खरा धोका आहे. सासूबाई साडी नेसत असतील तर त्या दिवशी थर्मल, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारी पँट, ह्यात तडजोड नको, आणि आतून सुती काही नको, घाम धरून ठेवतं. मामंजींना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बर्फावर पंधरा-वीस मिनिटं, मग गाडीत हीटर आणि थर्मासमधला चहा, परत थोडा वेळ, असं करा. चढउताराच्या तिरक्या लाद्यांवर त्यांना नेऊ नका.

आणि त्यांना तळ्याच्या नावाची गोष्ट सांगा. शाळकरी मुलांची स्पर्धा घेऊन हे नाव ठरवलं गेलं, सायलस अब्राहम या स्टोनी नाकोडा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या माणसावरून, तो याच दरीत राहायचा. स्टोनी लोकांची घरं, कुरणं, कबरी यातलं बरंच काही या पाण्याखाली गेलं. सांगलीच्या माणसाला धरणग्रस्त म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. मला स्वतःला वाटतं की हे माहीत नसताना त्या बर्फावर सेल्फी काढून येणं अपुरं आहे.

प्रश्न: बर्फाला भोक पाडून लायटर लावला की आग लागते असे व्हिडिओ आहेत. आम्ही कॉलेजची पोरं जातोय, ट्राय करू का?

नाही. मिथेन पेटतो हे खरंय, अलास्कात संशोधकांनी हे करून दाखवलंय, पण ते त्यांच्या तयारीने. भोक पाडलं की कोंडलेला वायू दाबाने बाहेर येतो आणि ज्वाळा किती उंच जाईल ते तुमच्या हातात नसतं, वर अंगात सिंथेटिक जॅकेट, भडकायला तयार. शिवाय त्या चकत्या बघायला मागून दुसरे कुणी येणार आहेत, फोडून ठेवू नका रे.

प्रश्न: फोनवर बुडबुडे नीट येत नाहीत, आकाशच चमकतं. काय करू?

सूर्य वर असताना सरळ उभं राहून काढला की असंच होणार. खाली बसा, स्वतःची सावली त्या जागेवर पाडा, किंवा चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावा. जानेवारीत तिथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो, त्या दोन वेळा सगळ्यात चांगल्या, मागे माउंट मिचेनर घेता आला तर बघा. बॅटरी थंडीत पटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. कॅमेरा असेल तर गाडीत शिरायच्या आधी बॅगेत बंद करा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं.

प्रश्न: मी नाशिकची. कॅनडा काही परवडणार नाही. गोठलेलं तळं आपल्या देशात बघता येईल का?

येईल, लडाखमधलं पँगाँग त्सो. पाणी खारट आहे तरी हिवाळ्यात गोठतं. फेब्रुवारी 2023 मध्ये या गोठलेल्या तळ्यावर 21 किलोमीटरची हाफ मॅरेथॉन झाली होती, तिची गिनीजमध्ये नोंद झाली. पण अब्राहमसारख्या चकत्यांची अपेक्षा ठेवून जाऊ नका, इथे बघायचा तो त्या बर्फाचा विस्तार आणि त्यातल्या भेगा. आणि चादर ट्रेक म्हणजे हेच असं बरेच जण समजतात, ते वेगळं, तो झंस्कार नदीवरचा बर्फ, खाली पाणी धावत असतं, त्याचे नियम वेगळे.

पँगाँगला बर्फापेक्षा उंचीची काळजी जास्त करा. तळं साधारण 4,250 मीटरवर आहे, आणि लेहहून जाताना मध्ये चांग ला खिंड लागते ती त्याच्याही वर, स्नो पडला की रस्ता बंद होतो, म्हणून परतीच्या विमानाच्या आधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा. बर्फावर कुठपर्यंत जायचं ते तिथल्या लोकांना विचारून, त्यांच्या मागोमाग. लेहला विमानाने उतरलात की पहिले दोन दिवस नुसता आराम, फिरणं नाही, पाणी भरपूर प्यायचं, दारू-सिगरेट बंद. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर तिसऱ्या दिवशीही वर निघायचं नाही, ड्रायव्हर कितीही म्हणाला ‘कुछ नहीं होगा’ तरी.