वर्तमानकाळ शिकताना मराठीची सवय बाजूला ठेवा

इंग्रजीतील वर्तमानकाळाचे चारही प्रकार एकदम पाठ करू नयेत, असे मी नवशिक्यांना आवर्जून सांगतो. साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असला की क्रियापदाला ‘एस’ लागतो, म्हणून ‘शी वर्क्स’. परंतु प्रश्नात किंवा नकारात ‘डझ’ आले की तो ‘एस’ त्यातच सामावतो आणि मूळ क्रियापद मोकळे राहते, म्हणून ‘डझ शी वर्क्स’ नव्हे, तर ‘डझ शी वर्क’.

खरी अडचण पुढेच आहे. ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात सहज बसते, त्यामुळे आपण ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहून मोकळे होतो. भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला ‘आय हॅव्ह बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ अशी रचना लागते. कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ येते. ही एक रचना हाताखालून शंभरदा गेली तरी चालेल.

‘नो’ (जाणणे), ‘बिलीव्ह’ (विश्वास असणे) यांसारखी स्थितिदर्शक, म्हणजे कृती नव्हे तर स्थिती सांगणारी, क्रियापदे मात्र सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत.